लाकडी ढोलावरची दुपार

तुम्ही गेल्याच्या अठराव्या दिवशी तुमची सकाळ आमच्या साडेनऊला झाली. ओसरीवरचा दिवा तोवर भर उन्हात जळत होता. समोरच्या लीलाताई दूधवाल्याशी बोलता बोलता एकदा दिव्याकडे पाहत होत्या, एकदा माझ्याकडे. नवरा गेलेली बाई दिवसाढवळ्या दिवा लावून बसते याचा जो अर्थ लावायचा तो त्यांनी लावला असणार. साडेनऊला आत फडताळात खट्‌ झालं आणि दिवा विझला. मी ओसरीत उभी होते, माझा हात कशालाही लागलेला नव्हता. लीलाताईंनी दुधाचं भांडं उचललं आणि त्या लगबगीने घरात शिरल्या.

तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मला हसू आलं नाही. मला भीती वाटली, आणि कशाची ते तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

तुम्हाला तुमचाच ढोल समजावून सांगायचा म्हणजे कमालच आहे. पण तुम्ही होता तेव्हा तो समजून घ्यायला मी कधी बसले नाही. आता एकटीने शिकले आहे, तर परीक्षा दिल्यासारखं सांगते, चुकलं तर चुकलं. सागवानाचा ढोल, दुधाच्या कॅनएवढा, लकडगंजच्या रामाजी मिस्त्रींकडून कातून आणलेला. स्वयंपाकघरातल्या फडताळात आडवा बसवलेला. विजेच्या घड्याळाच्या मोटरीवर तो चोवीस तासांत स्वतःभोवती एकदा फिरतो. त्याच्या अंगावर ओळीने भोकं आहेत आणि भोकांत पितळेच्या खुंट्या. घरातल्या प्रत्येक वस्तूच्या दोन खुंट्या, एक तिला चालू करते, दुसरी बंद. पाण्याची मोटर, ओसरीवरचा दिवा, तुमच्या खोलीतला कूलर, रेडिओ, चहाची घंटी, तुमच्या रक्तदाबाच्या गोळीची घंटी. टेलिफोनच्या कचेरीत भंगारात निघालेल्या सामानातून तुम्ही हे सगळं उभं केलंत. आणि भिंतीवरची बटणं एकेक करून काढून टाकलीत, तिथे पांढऱ्या पट्ट्या ठोकल्यात. घरी येणारा प्रत्येक माणूस भिंत चाचपडायचा आणि तुम्ही लहान मुलासारखे खूश व्हायचात.

ढोलाला एकच खोड होती. वीज गेली की तो थांबायचा, आणि आली की जिथे थांबला होता तिथूनच पुढे निघायचा. मधला वेळ त्याच्या हिशेबी झालेलाच नसायचा. म्हणून तुम्ही रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधीचे रेडिओचे ठोके ऐकत फडताळापाशी उभे राहायचात आणि बोटाने ढोल तेवढा पुढे ढकलायचात. ते एक बोट गेलं. उन्हाळ्यात वीज अधूनमधून जाते, कधी वीस मिनिटं, कधी तासभर. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, फडताळाकडे पाहायला कोणाला सवड होती? पाहुणे गेले, मी एकटी उरले, तेव्हा लक्षात आलं की तुमचा दिवस माझ्या दिवसापासून सुटून मागे पडला आहे. तुम्ही चार तास मागून येत होता.

गोळीची घंटी दुपारी एकला वाजली. मी उठले, पेल्यात पाणी घेतलं, बाटलीतून गोळी तळहातावर काढली आणि तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दारात पोचल्यावर आठवलं. रेडिओ अकराला आपसूक सुरू व्हायचा आणि कुठल्यातरी शेतीच्या कार्यक्रमाच्या मधल्याच वाक्यावर बोलू लागायचा. चारला तुमच्या खोलीतला कूलर घरघरायला लागायचा. खोलीत कोणी नाही. खसच्या ओल्या वासाचा वारा तुमच्या खुर्चीवरून जायचा, खुंटाळ्यावरचा टॉवेल हलायचा, टेबलावरच्या मासिकाचं पान उलटायचं, थांबायचं, आणि थोड्या वेळाने पुढचं उलटायचं. मी दारात उभी राहून ते पाहायची. कोणीतरी सावकाश वाचत आहे असंच वाटायचं. अहो, मी खुळी नाही, वारा मलाही कळतो. पण मी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते, हेही खरं आहे.

आठवतं, या ढोलावरून आपलं किती वाजायचं? बर्डीच्या बाजारातून जुनी इंग्रजी मासिकं आणून तुम्ही रविवारी मला भविष्य वाचून दाखवायचात. दोन हजार साल उजाडेल तेव्हा प्रत्येकाच्या खिशात एक यंत्र असेल, काड्यापेटीएवढं. ते माणसाला ओळखेल. कधी जेवायचं, कधी औषध घ्यायचं ते सांगेल. तुम्ही झोपला असाल तर कोणाला तुम्हाला उठवू देणार नाही. मी निवडायचं ताट मांडीवर घेऊन ऐकायची आणि विचारायची की ते सगळं करेल, पण आधी मला विचारेल का? तुम्ही वैतागायचात.

"काहून वं," तुम्ही म्हणायचात, "झोपलेल्या माणसाले उठवून विचारू का, की बापा, तुले झोपू देऊ का म्हणून?"

मी म्हणायची, मला माझं एक बटण द्या, बाकी तुमचं राज्य खुशाल चालू द्या. बटण म्हणजे यंत्रावर अविश्वास, असं तुमचं म्हणणं. ढोलाचा ताबा तुमच्याकडे आणि माझा ताबा ढोलाकडे, असं माझं. यावर तुम्ही हसून चहा मागायचात, आणि चहा मागायलासुद्धा तुम्हाला बोलावं लागायचं नाही, चारची घंटी वाजायची. त्या भांडणाचा निकाल कधी लागला नाही. मला वाटायचं, म्हातारपणी लावू.

आता दादाचं बोलते. हे तुमच्याशी बोलायचं सात वर्षं राहून गेलं.

माझा भाऊ बुटीबोरीच्या पुढच्या आमच्या गावात शेती करतो, मनाने मोठा आणि मानाला फार जपणारा. त्याने पोरीचं लग्न ठरवलं तेव्हा मीच आधी खोडा घातला होता. पोर लहान आहे, तिला शिकू दे, असं मी त्याला गावी जाऊन चार लोकांत सांगून आले होते. त्याला ते लागलं. तरी तो म्हणाला होता की पहिली अक्षत तुझ्या दारी, तू आत्या आहेस. मी वाट पाहत राहिले. अक्षत आली नाही. लग्न झालं, पोर सासरी गेली, आणि मला ते तिसऱ्याच्या तोंडून कळलं. माझं माहेर तिथे संपलं असं मी धरून चालले. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले होते, तुम्ही माझ्या केसांतून हात फिरवत होता.

मग त्या दिवाळीत माझ्या मावशीकडे आम्ही समोरासमोर आलो. फराळाला बसलो होतो. मी टोचून काहीतरी बोलले, आत्याला विसरणारे लोक, असं काहीतरी. दादा ताटावरून उठला.

"मी आलतो शकू," तो म्हणाला. "तुयी वहिनी अन्‌ मी, दोघंबी. साडेतीन वाजले होते. ओसरीवर तुया चपला होत्या, अंदर कूलर चालू होता. तीनदा बेल दाबली मी. एकदा हाक मारली. अक्षत हातात घेऊन बंद दारापुढं किती उभं राहू?"

बेल वाजलीच नाही, मी म्हणाले. मी घरातच होते, बेल वाजली असती तर ऐकली नसती का? आणि मग माझ्या तोंडून ते गेलं. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणाले, "दादा, तू खोटं बोलून राहिला."

माझा बाप गेल्यापासून ज्याने मला बापासारखं सांभाळलं त्याला मी खोटारडा म्हटलं. त्याने तोंड धुतलं, डोक्यावर टोपी ठेवली आणि तो निघून गेला. तुम्ही तिथेच होता. हातात अनारशांचं ताट घेऊन भिंतीला टेकून उभे होता. परतताना रिक्षात तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, माझ्या बाजूने तुम्हाला राग आला आहे.

त्यानंतर सात वर्षं दादा नाही. तुमच्या तेराव्यालाही नाही. माहेरचं लुगडं आलं नाही म्हणून बायका माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. शेवटी मावशीने आपल्या पेटीतलं काढून माझ्या अंगावर घातलं. घरात एवढी माणसं असून मी दाराकडे बघत होते. तेरा दिवस दार सताड उघडं होतं, त्याला बेल दाबायचीही गरज नव्हती.

आणि तो आला ते विसाव्या दिवशी, संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर. मी मागच्या अंगणात तांदूळ पाखडत बसले होते. दिवेलागणीला ओसरी झाडायला म्हणून दार उघडलं तर उंबऱ्याशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलेलं होतं. आत निळ्या काठांचं लुगडं आणि नारळ. नाव नाही, चिठ्ठी नाही. बेल तर वाजली नव्हती. मी ते हातात घेऊन उभी राहिले आणि माझ्या पाठीमागे रिकाम्या खोलीत तुमचा कूलर चालू होता.

लीलाताई फाटकाशी आल्या. म्हणाल्या, साडेपाचच्या सुमारास एक धोतरवाले म्हातारे आले होते, पांढरी टोपी. बेल दाबली, थांबले, पुन्हा दाबली. मग खाली बसले, गाठोडं ठेवलं, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि गेले. लीलाताईंनी त्यांना हटकलं नाही, कारण सांत्वनाला आलेल्या माणसाला कोणी थांबवून विचारत नाही, आणि तोही जाताना 'येतो' म्हणत नाही.

"मले वाटलं वहिनी, तुमी मुद्दामच दार नाही उघडून राहिल्या," त्या म्हणाल्या. "अंदर कूलर तर चालू होता."

हेच शब्द. सात वर्षांपूर्वीचे तेच शब्द मी दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकत होते. मी लीलाताईंना म्हटलं, बेल दाबून बघा. त्यांनी दाबली. काही नाही. आणखी जोरात दाबली. घरात फक्त कूलरची घरघर. लीलाताई म्हणाल्या, बिघडली असेल. पण त्याच दिवशी सकाळी गॅसवाल्याने बेल दाबली होती आणि ती खणखणीत वाजली होती. आम्ही दोघी तिथेच बोलत उभ्या राहिलो. सातला स्वयंपाकघरात खट्‌ झालं. लीलाताईंचं बोट अजून चाळा म्हणून बटणावर होतं, आणि बेल एकदम वाजू लागली. त्या बाई किंचाळल्या हो. मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडताळ उघडून ढोलापुढे पाट घेऊन बसले. खुंट्यांच्या ओळी मोजल्या. मला माहीत होत्या त्या सगळ्या वस्तू मोजल्या. एक ओळ जास्त होती, अगदी कडेची, दोन खुंट्यांची. तिच्या समोरच्या पट्टीतून एक तांबडी वायर निघत होती. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि बोट न उचलता मागोमाग निघाले. फडताळातून वर, छताच्या कडेने, देवघराच्या मागून, दिवाणखान्याच्या चौकटीवरून ओसरीत. तुम्ही ती इतकी नीट रंगवून टाकली होती की डोळ्यांना दिसत नव्हती, बोटालाच लागत होती. ती बेलच्या डबीत शिरत होती.

ढोलाच्या कडेला तुम्ही शाईने तास लिहिले आहेत. त्यावर पाहिलं तर बेल बंद करणारी खुंटी दुपारी एकवर होती आणि चालू करणारी तीनवर. एक ते तीन, माझी झोपेची वेळ. आता ढोल चार तास मागे पडला तशी ती माझी झोप सरकत सरकत संध्याकाळच्या पाचवर येऊन बसली होती आणि माझा भाऊ तिच्यात सापडला होता.

मला आठवलं ते वर्ष. अर्धशिशीने माझं डोकं फुटायचं. डॉक्टर म्हणाले होते, दुपारची दोन-तीन तास अखंड झोप झाली तर फरक पडेल. आणि खरंच पडला. मला वाटायचं गोळ्यांनी पडला. उन्हाळ्यात दुपारी नागपुरात रस्त्यावर कुत्रंही नसतं, तेव्हा बेल वाजत नाही यात मला कधी नवल वाटलं नाही. इतकी वर्षं तुम्ही माझ्या झोपेच्या दारात पहारा ठेवला होता आणि मला सांगितलं नव्हतं. मी पाटावर बसून रडले. सुरुवातीला ते रडणं बरं होतं. मला तुमची इतकी माया वाटली की मी त्या पितळी खुंटीवरून हात फिरवला.

मग एक गोष्ट मनात आली आणि रडणं थांबलं. दादा लग्नाच्या वेळी साडेतीनला आला होता. आणि बेल तर तीनला चालू होत होती.

म्हणजे तो खोटं बोलत होता? की वीज गेली होती त्या दिवशी? पण कूलर चालू होता म्हणाला, म्हणजे वीज होती. आणि तुम्ही होता तेव्हा ढोल मागे पडत नव्हता. मी दोन दिवस हाच विचार करत घरातून फिरले. जेवणात लक्ष नाही, कशात लक्ष नाही. घंट्या भलत्या वेळी वाजत होत्या, दिवे भलत्या वेळी लागत होते आणि मी मनातल्या मनात माझ्या भावाला पुन्हा एकदा खोटं ठरवत होते. तुमच्यापायी.

रामाजी मिस्त्री भेटायला आले ते तिसऱ्या दिवशी. त्यांना उशिरा कळलं होतं. पाणी प्यायले, डोळे पुसले आणि म्हणाले, ढोल बघू का एकदा, माझ्या हातचा आहे. ते फडताळापुढे उकिडवे बसले, चष्मा लावला. सगळ्या ओळींवरून त्यांनी अंगठा फिरवला. कडेच्या ओळीवर अंगठा थांबला.

तीनवरचं हे भोक माझं नाही, ते म्हणाले. माझी सगळी यंत्रावर पाडलेली, सरळ. हे हाताने पाडलेलं आहे, थोडं तिरकं गेलं आहे. आणि त्यांनी मला बोटाने दाखवलं, चारवर एक भोक होतं, त्यात लाकडाची मेख ठोकून ते बुजवून टाकलेलं. ती मेख मात्र त्यांचीच होती, सागाचीच. तुम्ही ती मागायला त्यांच्या दुकानात गेला होता, दिवाळीच्या मागेपुढे, कारण तुमच्या हातात अनारशांचा डबा होता आणि तुम्ही मिस्त्रींनाही खाऊ घातले होते.

"मी म्हटलं, काय झालं गा भाऊ, ढोल बिघडला का," मिस्त्री म्हणाले. "तर म्हणे, ढोल नाही बिघडला मिस्त्री, माझ्या हातून एक चूक झाली. बुजवायची आहे."

मिस्त्री गेले. जाताना, रीतीप्रमाणे, येतो म्हणाले नाहीत. मी दार लावलं आणि तुमच्या खोलीत गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तुमच्या खुर्चीसमोर उभी राहिले. कूलर सुरू व्हायचा होता, वारा नव्हता, मासिक मिटलेलं होतं. त्या शांततेत मी तुम्हाला मोठ्याने विचारलं की तुम्हाला माहीत होतं ना? अहो, मला खरंच वाटलं की आता उत्तर येईल. कान टवकारून मी थांबले. आतून ढोलाची टिकटिक तेवढी येत होती.

तुम्हाला माहीत होतं. मावशीच्या घरी ताट हातात घेऊन उभे होता तेव्हाच तुम्हाला कळलं. साडेतीन म्हणताच कळलं असेल. आणि तुम्ही त्या आठवड्यात काय केलंत, तर चारची खुंटी काढून तीनवर लावली. यंत्र दुरुस्त केलंत. मला सांगितलं नाहीत.

का, याची कारणं मी तुमच्या वतीने शोधत बसते. मी ढोलच उचलून अंगणात टाकला असता, ही भीती होती का? असेल तर ती बरोबरच होती, मी टाकलाच असता. लाज वाटली का? की आधी वाटलं दोन दिवसांत सांगू, मग वाटलं संक्रांतीला सांगू, आणि मग इतका उशीर झाला की सांगणं हाच गुन्हा झाला? मला हे शेवटचं खरं वाटतं, कारण तुम्हाला मी ओळखते. तुम्ही दुष्ट नव्हता. सात वर्षं दर राखीला तुम्ही मला म्हणायचात, चल, तुला गावी नेऊन आणतो. मी नाही म्हणायची आणि तुमचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं किती मोठ्या मनाचा माणूस. तेव्हा तुमच्या ओठांवर ते आलेलं असायचं का हो? मी एकदा जरी हो म्हटलं असतं तर तुम्ही वाटेत सांगितलं असतं का?

रागाने मी तुमच्याशी तीन दिवस बोलले नाही. मेलेल्या माणसाशी अबोला धरणारी मीच पहिली असेन. चौथ्या दिवशी माझा अबोला मलाच जड झाला. तुमच्यावर चिडायचं तर तुम्ही लागता, आणि तुम्ही नाही म्हणून आणखी चीड येते. त्या दुपारच्या झोपा खोट्या नव्हत्या. उठल्यावर हलकं झालेलं डोकं खोटं नव्हतं. ते मला तुम्हीच दिलंत, आणि माझं माहेर तुम्हीच घेतलंत, एकाच खुंटीने. याची वजाबाकी मला करता येत नाही. मी ती करणार नाही.

मी ती कडेची जोडी पक्कडीने उपटून काढली. मग संध्याकाळी रेडिओचे ठोके ऐकत फडताळापाशी उभी राहिले आणि बोटाने ढोल चार तास पुढे ढकलला. जड नव्हता. मला वाटलं होतं तुमच्या बोटातच काही जादू असेल. पाण्याची मोटर आणि ओसरीचा दिवा त्याच्याकडे राहू दिला, बाकीच्यांना वायरमन बोलावून साधी बटणं बसवून घेतली. आता मागून कोणी येत नाही. घरात एकच दिवस आहे. याचंही वाईट वाटतं, हे तुम्हाला सांगून ठेवते.

परवा मी गावी गेले. ते लुगडं नेसून गेले. बसमध्ये बसून दोन प्रकारे बोलायची तयारी करत होते. एक, बेल नादुरुस्त होती दादा, आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता. यात तुमचं नाव राखलं जात होतं. दुसरं खरं. पहिलं सोपं होतं आणि तुमच्यासाठी ते बोलायला मी तयारही होते. पण तसं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? तुम्ही बुजवलेल्या भोकावर आणखी एक मेख ठोकली असती. गाडी बुटीबोरी सोडून पुढे निघाली तेव्हा माझं ठरलं होतं.

भर दुपार होती. दादा ओसरीवर सुतळीने खाट विणत बसला होता. सात वर्षांत त्याची पाठ वाकली आहे. मला पाहून त्याचे हात थांबले. तो उठला नाही आणि ये पण म्हणाला नाही. वहिनीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि चौकटीला धरून उभी राहिली. मी बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, ढोल, खुंटी, माझी झोप, साडेतीन, चार, बुजवलेलं भोक, तो लुगडं ठेवून गेला ती संध्याकाळ. तुम्हाला माहीत होतं, हेही सांगितलं. सांगताना मला एकच धास्ती होती. तो तुम्हाला काहीतरी बोलेल आणि ते मला ऐकवणार नाही, मग मी या घरातूनही उठेन.

दादाने सुतळीचा पीळ बोटांत फिरवला. तुमच्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही.

"दार नाही उघडलं त्याचं काही नाही शकू," तो म्हणाला. "मले तवाबी वाटलं, झोपली असन. पण तू चार माणसांत मले खोटा म्हटली."

मग माझ्या लक्षात आलं की एवढं सगळं सांगून मी मुख्य तेच सांगितलं नव्हतं.

"बेल बंद होती दादा," मी म्हणाले. "तू खरं बोलत होता."

त्याने मान खाली घातली आणि टोपी काढून डोळ्यांना लावली. वहिनी पुढे आली, तिने माझा हात धरून मला खाटेवर बसवलं.

अहो, तेवढंच होतं. दोन वाक्यं. मावशीच्या घरी, हातातलं ताट खाली न ठेवताही, तुम्हाला ती बोलता आली असती. मी रागावले असते, दोन दिवस जेवले नसते, ढोल अंगणात फेकला असता. आणि तिसऱ्या दिवशी तुमच्यासाठी चहा टाकला असता.